शांत, आज्ञाधारक, गुणी

स्वमग्न मूल मला लांबून ओळखता येतं, असा माझा समज होता. समज कसला, गर्वच. सांगलीतल्या एका शाळेत मी शिशुवर्ग शिकवायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातच सहकारी बाईंना सांगून टाकायची, ‘त्या निळ्या शर्टवाल्याकडे जरा लक्ष ठेवा, हाक मारली तर वळत नाही.’ बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. पंख्याकडे टक लावून बसणारा, सगळ्यांच्या चपला ओळीने मांडणारा, खेळण्यातली मोटार उलटी धरून नुसती चाकं फिरवणारा, चवड्यांवर चालणारा. पालकांना बाजूला घेऊन मी डॉक्टरांकडे जायला सांगायची. काही चिडायचे, काही वर्षभराने येऊन आभार मानायचे. मी ज्यांना पाठवलं त्यांत मुलगी एकही नव्हती, आणि याचं मला कधी आश्चर्यही वाटलं नाही.

मुलींना हे होत नाही, असं मी कुठे बोलून दाखवलेलं नाही. पण मनात ते पक्कं होतं. स्वमग्न म्हटलं की डोळ्यांसमोर मुलगाच यायचा. सिनेमातही ‘रेन मॅन’मधला डस्टिन हॉफमन, ‘माय नेम इज खान’मधला शाहरुख. ‘बर्फी’तली झिलमिल होती, पण तिला बघून मी रडले आणि घरी येऊन विसरले. सिनेमातली मुलगी वर्गात येऊन बसेल असं कुणाला वाटतं?

मुलींसाठी माझी मोजपट्टी वेगळी होती. ती प्रगतिपत्रकात दिसते. ‘वर्तन’ या रकान्यात मुलांच्या नावापुढे मी विचार करून लिहायची: चंचल आहे, हट्टी आहे, मारामारी करतो, एकटा बसतो. मुलींच्या नावापुढे एकच वाक्य हात आपोआप लिहायचा. शांत, आज्ञाधारक, गुणी. एकटा बसणारा मुलगा मला खटकायचा. एकटी बसणारी मुलगी मला गुणी वाटायची.

त्या मुलीचं नाव इथे लिहीत नाही. चार वर्षांची होऊन माझ्या वर्गात आली. वेणी घट्ट, रुमाल पिनेने लावलेला, हसरी. पहिल्या दिवशी वर्गात आकांत चालू असताना ही मांडी घालून बसली होती. गाणी एकदा ऐकली की पाठ. चित्रात रंग रेषेबाहेर जात नाही. मी तिला इतर मुलांसमोर उदाहरण म्हणून उभी करायची.

आणि तिची आई दर आठवड्याला फाटकापाशी गाठायची. ‘बाई, घरी फार रडते हो.’ स्कूटरवर बसली की सुरू होतं, तासभर थांबत नाही. केस धुवायचे म्हटलं की शेजारी गोळा होतात. फ्रॉकच्या मागचं लेबल कापल्याशिवाय घालत नाही. मिक्सर लावला की कानांवर हात. पोळीचा तूप-साखरेचा रोल लागतो, तो जरा उलगडला तरी डबा तसाच परत. तहान लागली की ‘मला पाणी हवं’ म्हणत नाही, ‘तुला पाणी हवंय?’ म्हणते, आपण तिला जसं विचारतो तसंच. कार्टूनमधली हिंदी वाक्यंच्या वाक्यं बोलते, आणि ती पुष्कळदा प्रसंगाला चपखल बसतात, त्यामुळे घरचे कौतुक करतात. लहानपणी बोट दाखवून वस्तू मागायची, पण ‘ते बघ विमान’ म्हणून दाखवायला तिचं बोट फारसं उठलं नाही.

आज ही यादी वाचणाऱ्या कुणालाही शंका यावी. मला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि मी काय म्हणाले? ‘अहो, शाळेत तर गुणाचं बाळ आहे. घरी लाड होत असतील.’

हे वाक्य मी हसून म्हटलं होतं, म्हणजे ते अधिकच लागलं असणार. ‘शाळेत छान असते’ याचा सरळ अर्थ ‘दोष तुमच्यात आहे’ असा होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि सोयीचंही होतं. त्या आईने मग मोबाइल कपाटात ठेवला, आजीला लाड थांबवायला लावले, स्वतः कडक व्हायला शिकली. मूल आणखी रडायला लागलं.

पुढे कधीतरी तिने परस्पर पुण्याला एका विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. तिथून शाळेसाठी एक प्रश्नावली आली. मला राग आला. माझ्या वर्गातल्या मुलीबद्दल मला न विचारता! मी ती मधल्या सुट्टीत चहा पिता पिता भरून टाकली. सूचना पाळते का? हो. नजर देते का? हो. मैत्रिणी आहेत का? हो.

काही दिवसांनी त्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज तरुण होता, बोलणं आदबीचं.

‘बाई, मैत्रिणी आहेत असं तुम्ही लिहिलंय. एखादीचं नाव सांगाल?’

मी दोन नावं सांगितली.

‘त्या दोघी हिला खेळायला बोलावतात, की ही त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते?’

मला उत्तर देता येईना. इतकी वर्षं मुलांत काढलेली मी, आणि एवढं साधं मला माहीत नव्हतं.

‘घाई नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मधल्या सुट्टीत नुसतं बघाल का? मध्ये पडू नका, फक्त बघा.’

खरं सांगते, मी बघायला बसले ती त्यांना खोटं ठरवायला. व्हरांड्यात खुर्ची टाकली. मैदानात पोरांचा गोंधळ. मुलगे सोडा, ते कळतात. जो एकटा असतो तो एकटा दिसतो, भिंतीला बोट लावून चालत असतो. हिचं तसं नव्हतं. ही सतत मुलींच्यातच होती. आधी भातुकलीच्या घोळक्याजवळ गेली, कडेला उभी राहिली, एक पातेलं उचलून कुणाच्या तरी हातात दिलं. त्या खेळत राहिल्या. ही तिथून निघून ‘डोंगर का पाणी’ चालू होतं तिकडे गेली. सगळ्या पळाल्या की ही पळायची, पण किंचित उशिरा, पुढचीचे पाय बघून. मग परत भातुकली. एक हात सारखा फ्रॉकच्या शिवणीत, बोट त्या शिवणीवरून वरखाली. लांबून बघणाऱ्या बाईला वाटावं, वा, किती मिळून-मिसळून खेळते. मला तसंच वाटत आलं होतं. नीट बघितलं तेव्हा कळलं की तिच्याशी कुणी एक शब्दही बोललेलं नव्हतं, आणि तीही कुणाशी बोलली नव्हती.

मग खेळता खेळता कुणीतरी धपकन पडलं आणि सगळ्या खो खो हसल्या. हिने आधी एकीचं तोंड बघितलं, मग दुसरीचं, आणि मग हसली. बाकीच्यांचं हसू ओसरत आलं होतं तेव्हा हिचं सुरू झालं.

‘मध्ये पडू नका’ असं सांगितलेलं असूनही मी राहवलं नाही म्हणून तिला जवळ बोलावलं. ‘काय गं, का हसलीस?’

‘सगळ्या हसल्या.’

‘पण कशाला हसल्या?’

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मग हसली. मान जराशी कलती करून, दात न दाखवता. ते हसू मी चांगलं ओळखत होते. मी काहीही विचारलं की ती ते हसू द्यायची आणि मी ‘शहाणी गं माझी’ म्हणून गालाला हात लावून पुढे जायची. माझी लाडकी आहे म्हणून माझ्याकडे बघून हसते, अशी माझी समजूत होती. त्या दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं की ते प्रेमाचं वगैरे नव्हतं. प्रश्न कळला नाही की ते हसू द्यायचं, म्हणजे बाई पुढचा प्रश्न विचारत नाहीत, एवढं ती स्वतःच शोधून शिकली होती. आणि ते माझ्यावर दर वेळी चाललं होतं.

मी डॉक्टरांना फोन केला, जे दिसलं ते सांगितलं. त्यानंतर त्या आईला घरी भेटायला गेले. एवढ्या वर्षांत मी फाटकाच्या पलीकडे, मूल घरी गेल्यावर त्याचं काय होतं, हे बघायला कधी गेले नव्हते. तिने तक्रारीचा सूर लावला नाही. चहा ठेवला आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. मुलगी शाळा-शाळा खेळत होती. समोर बाहुल्या, टेडी, एक कुकरचं झाकण, सगळे ओळीत. ती बाई झाली होती.

बाई म्हणजे मी. माझा खोकला होता. फळ्यावर डस्टर आपटायची माझी लकब होती. प्रार्थनेपासून डबे उघडेपर्यंत माझी वाक्यं एकामागून एक, माझ्याच सुरात, एकही इकडचं तिकडे नाही. कल्पनेने खेळतेय म्हणावं तर रोजचा क्रम तोच, आणि मध्येच आईने एका बाहुलीच्या वतीने ‘बाई, मला शू लागली’ म्हटलं तर तिने कान झाकून किंचाळायला सुरुवात केली, कारण ते तिच्या पाठ केलेल्यात नव्हतं. आणि त्याआधी, झाकणाकडे बोट करून, अगदी माझ्या आवाजात: ‘बघा, ही कशी गप्प बसलीये. शाब्बास!’

मी त्या खुर्चीत चहाचा कप धरून बसले होते. ही मुलगी दिवसभर शाळेत जे सोंग निभावत होती त्याचे शब्द मी दिले होते. कान फाटतील एवढा गोंगाट, खरचटणारे कपडे, न कळणारे खेळ, हे सगळं आत दाबून ती गप्प बसत होती आणि मी त्याला शाब्बासकी देत होते. शाळा सुटेपर्यंत ते धरून ठेवायचं आणि स्कूटरवर बसल्यावर सोडायचं. ती आईपाशी रडत होती कारण तिथे रडता येत होतं. मी त्याला लाड म्हणाले होते.

त्यानंतर मी हाताला लागेल ते वाचत सुटले. लिओ कॅनर यांनी 1943 साली ज्या लेखात या अवस्थेचं वर्णन केलं त्यात 11 मुलं होती, 8 मुलगे आणि 3 मुली. त्या तिघींपैकी एक कॅनर यांना भेटली तेव्हा मंदबुद्धी मुलांच्या सरकारी संस्थेत कित्येक वर्षं राहत होती. म्हणजे तिच्यावर आधीच भलता शिक्का बसलेला होता. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी चार मुलांवर लिहिलं, चारही मुलगे. या दोघांच्याही आधी, 1920च्या दशकात, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या बाई डॉक्टरांनी अशाच मुलग्यांबद्दल लिहून नंतर मुलींबद्दलही लिहिलं होतं, पण ते लेख दशकानुदशकं कुणी फारसे वाचलेच नाहीत. मुलगे कसे दिसतात त्यावरून लक्षणांच्या याद्या झाल्या आणि त्या याद्यांनी मुलगेच जास्त सापडत गेले. एका मुलीमागे चार मुलगे, असं प्रमाण पुस्तकांतून छापलं जायचं. 2017 साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा ते तिनाच्या जवळपास निघालं, आणि मुलींचं निदान राहून जातं असंही त्यात म्हटलेलं आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर मुलं कशी खेळतात याचं निरीक्षण छापलं. स्वमग्न मुलगे एकटे असतात, पटकन दिसतात. स्वमग्न मुली घोळक्याच्या आसपास राहतात, आत-बाहेर करतात, म्हणून लांबून काही वेगळं वाटत नाही. माझ्या व्हरांड्यातून मला जे दिसलं ते तिथे शास्त्रीय भाषेत लिहिलेलं होतं.

मुलींचे छंदही फसवतात. मुलगा रेल्वेचं वेळापत्रक पाठ करतो तेव्हा आपण चमकतो. मुलगी बाहुल्यांचे कपडे रंगाप्रमाणे लावत तीन तास बसली तर ‘संसारी आहे’ म्हणतो. विषय चारचौघींसारखाच असतो. त्यात बुडण्याची खोली वेगळी असते, आणि ती कुणी मोजत नाही. आमच्याकडे हादग्याला हिला सगळी गाणी क्रमाने पाठ होती, एखादं पुढेमागे झालं की घाबरीघुबरी व्हायची, फेरात हात धरायला नको म्हणायची. ‘लाजाळू आहे’ म्हणून मी तिचा हात बळेच दुसरीच्या हातात दिला होता. तो तिने का ओढून घेतला, हे मी विचारलंसुद्धा नाही.

दोनचार भेटींनंतर निदान झालं. घरात वादळ उठलं, आणि ते माझ्या अपेक्षेहून वेगळं होतं. मुलीला काय मदत लागेल यापेक्षा आजीला दुसरीच काळजी: ‘मुलीची जात. कागदावर असलं काही आलं तर पुढे लग्नाचं काय?’ मला आजीवर रागावता आलं नाही. डॉक्टरांचा पहिला कागद आला तेव्हा मीही स्टाफरूममध्ये नेमकं हेच म्हणाले होते: मुलीची जात आहे, कशाला शिक्का मारून घेतात. पाच वर्षांच्या पोरीच्या कानांना त्रास होतोय आणि आम्ही दोघी शिकल्यासवरल्या बायका तिच्या लग्नाचा विचार करत होतो.

वर्गात काय बदललं ते थोडक्यात सांगते, कारण ते फार अवघड नव्हतं. आणि हेच टोचतं. घंटा वाजायच्या आधी तिला सांगायला लागले. डबा खायला कोपरा दिला. दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्याच्या कडेला लावला; त्याचा उपयोग निम्म्या वर्गाला झाला. शिवणीवरून बोट फिरवत बसली तर ‘हात वर ठेव’ म्हणणं बंद केलं. हादग्यात गाण्यांचा क्रम सांगायचं काम तिला दिलं, फेराच्या बाहेर उभं राहून. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सुरू झाली. ती ‘बरी’ झाली का, असं लोक विचारतात. हा आजार नाही, त्यामुळे बरं होण्याचा प्रश्न नाही. ती आता ‘मला पाणी हवं’ म्हणते आणि न कळलं तर ‘कळलं नाही’ म्हणते. तेव्हा हसत नाही. मला ते न हसणं फार आवडतं.

मध्ये एक काळ असा आला की मला प्रत्येक अबोल मुलीत तेच दिसायला लागलं. तोही माझा उतावीळपणाच. नुसती लाजरी मुलगी ओळख झाली की खुलते, आपलं चित्र दाखवायला आणते आणि दाखवताना आपल्या चेहऱ्याकडे बघते, आवडलं का म्हणून. एका लक्षणावरून काही ठरत नाही आणि ठरवायचं काम शाळेतल्या बाईंचं नाहीही. बाईंचं काम बघायचं आणि सांगायचं आहे. तेवढंच मी केलं नव्हतं.

जुनी प्रगतिपत्रकं माझ्याकडे नाहीत, हे एका परीने बरंच आहे. पण काही चेहरे आठवतात. एक मुलगी वर्षभर माझ्याशी कुजबुजत्या आवाजातही बोलली नव्हती. तिला मी ‘गोगलगाय’ म्हणायची, लाडाने. दुसरी एक पुढे दहावीत असताना अन्न सोडून बसली, असं तिच्या मावशीकडून कळलं. किशोरवयात काळजीने किंवा खाण्याच्या विकाराने डॉक्टरांकडे पोचलेल्या काही मुलींमध्ये मुळाशी स्वमग्नता असते आणि ती तोवर कुणी ओळखलेली नसते, असं आता तज्ज्ञ सांगतात. या दोघींमध्ये तसं काही होतं का, ते मी सांगू शकत नाही. त्यांच्या आयांनी मला काही सांगितलं असेल, तर मी तेही हसून टाळलं असेल.

मी आता निवृत्त आहे. माझ्या जागी ज्या तरुण बाई आहेत त्यांना, आणि अंगणवाडीताईंना, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. शंका आली तर पुण्या-मुंबईची वाट बघावी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा पथक येतं, आणि त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. पथक आलं की फक्त दंगेखोर मुलगे पुढे करू नका. जिच्याबद्दल तुम्हाला काहीच आठवत नाही, तिलाही पुढे करा. आणि कुणाची आई फाटकापाशी थांबून ‘घरी फार रडते हो’ म्हणाली, तर ‘शाळेत तर छान असते’ हे वाक्य तोंडातच ठेवा. तिला आत बोलवा, बसवा, आणि कधी रडते, कशाने रडते, ते विचारून लिहून घ्या.